अहवालात दोन नावं आणि पुढे प्रश्नचिन्हं: हे वाचायचं कसं?

पाटी_पेन्सिल

नमस्कार. बालवाडी ते दुसरीच्या वर्गांना शिकवते. पालक मुलांचे तपासणी-अहवाल आणून दाखवतात आणि विचारतात, "म्हणजे नक्की काय आहे हो?" त्यातल्या शब्दांचे अर्थ शोधले तर सापडतात, पण त्यावरून उद्या वर्गात काय करायचं ते कळत नाही. दोन नमुने देते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

नमुना अ. मुलगा, ३ वर्षं ४ महिने. "ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले. ऑटिस्टिक फीचर्स. विकासांक ६५. सहा महिन्यांनी फेरतपासणी." सात-आठ शब्द बोलतो. हाक मारली की कधी बघतो, कधी नाही. काही हवं असलं की मोठ्यांचा हात धरून त्या वस्तूपाशी नेतो.

नमुना ब. मुलगी, ७ वर्षं २ महिने. "एडीएचडी, इनअटेन्टिव्ह? एसएलडी? मानसशास्त्रीय चाचणी सुचवली." तोंडी उत्तरं छान देते. फळ्यावरून उतरवून घ्यायला सगळ्यात मागे. वाचायला उभं केलं की दोन ओळींत दमते.

'फीचर्स' म्हणजे ऑटिझम आहे की नाही? सहा महिने नुसतं थांबायचं का? आणि ब मध्ये दोन प्रश्नचिन्हं का घातली असतील?

विकास_ओपीडी

अर्धा गोंधळ एका गोष्टीमुळे होतो, ती आधी सांगतो. या विकारांची नावं कारणावरून पडलेली नाहीत, वागण्यावरून पडली आहेत. क्षयरोगात जंतू दाखवता येतो. ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलता) दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, स्कॅनही नाही. मूल काय करतं, काय करत नाही आणि त्याचं वय काय, एवढ्यावर नाव ठरतं. त्यामुळे वयाबरोबर नाव बदलू शकतं, आणि दर वेळी त्याचा अर्थ आधीचा डॉक्टर चुकला असा होत नाही.

डीएसएम-५ ने (मानसिक विकारांचे निकष देणारं अमेरिकेतलं पुस्तक) २०१३ मध्ये हे सगळे विकार एका छत्राखाली आणले: बौद्धिक अक्षमता, संवादाचे विकार (भाषा, उच्चार, अडखळत बोलणं), ऑटिझम, एडीएचडी, विशिष्ट अध्ययन अक्षमता (एसएलडी) आणि हालचालींचे विकार. एका मुलात दोन-तीन एकत्र असणं नेहमीचं आहे. २०१३ पूर्वीच्या नियमात ऑटिझम लिहिलं की सोबत एडीएचडी लिहिता येत नव्हतं. आता मोठ्या झालेल्या मुलांचे जुने कागद वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता नमुना अ, शब्दागणिक.

'ग्लोबल डिले' हे पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ठेवलेलं तात्पुरतं नाव आहे. विकासाच्या दोन किंवा जास्त अंगांत मूल बरंच मागे आहे, पण बुद्धीची खात्रीलायक चाचणी घेण्याइतकं मोठं झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाचनंतर हे नाव चालत नाही. तेव्हा बौद्धिक अक्षमता, भाषेचा विकार, ऑटिझम यांपैकी काय ते ठरवावं लागतं. 'डिले' म्हणजे गाडी उशिरा सुटली आहे, गाठेल पुढे, असा समज पालक करून घेतात. काही मुलं गाठतात, काही नाही, आणि तीन वर्षांच्या वयात ते ठामपणे सांगता येत नाही.

'विकासांक ६५' हा भागाकार आहे. मूल ४० महिन्यांचं, कामगिरी २६ महिन्यांची, म्हणून २६ भागिले ४०, गुणिले १००. पण हा एकच आकडा बघू नका, त्याच्या आतले आकडे मागून घ्या. समजा हालचाल ३६ महिन्यांची, हाताची बारीक कामं ३०, स्वतःची कामं २४ आणि भाषा १४. सरासरी २६, अंक ६५. दुसऱ्या मुलात चारही २६. त्याचाही अंक ६५. ही दोन मुलं अगदी वेगळी आहेत. पहिल्यात भाषेला फार मोठा खड्डा आहे, म्हणजे ऐकू येण्यापासून शोध सुरू करायचा. दुसरा सगळीकडे सारखाच मागे आहे, तिथे शोध वेगळ्या दिशेने जातो. एकच सरासरी आकडा छापून देणारा अहवाल मला अपुरा वाटतो, आणि पालकांनी तक्ता मागणं हा त्यांचा हक्क आहे.

'ऑटिस्टिक फीचर्स' म्हणजे काही खुणा दिसल्या, निकष पूर्ण झाले की नाही ते ठरवलेलं नाही. निकष असे: सामाजिक संवादातल्या तिन्ही अडचणी हव्यात (देवाणघेवाण, हावभाव-नजर-खुणा, नाती जोडणं-टिकवणं). शिवाय चार गोष्टींपैकी किमान दोन: तीच ती हालचाल किंवा तेच ते शब्द, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एखाद्याच विषयात कमालीचं गुंतणं, आणि आवाज-स्पर्श-प्रकाश यांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद. नुसतं डोळ्याला डोळा भिडवत नाही, एवढ्यावर ऑटिझम ठरत नाही. आणि डोळ्याला डोळा भिडवतो, एवढ्यावर तो नाकारताही येत नाही.

या मुलाच्या कागदांत पुढच्या गोष्टी झाल्यात का ते बघायला सांगा. श्रवणचाचणी सगळ्यांत आधी. डोक्याचा घेर. थायरॉइड. त्वचेवरचे फिकट पानासारखे डाग (ट्युबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातले हे डाग साध्या उजेडात हुकू शकतात, वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली दिसतात). मुलगा दीड वर्षाचा होईपर्यंत चालत नसेल, किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून चढत-चढत उभा राहत असेल तर रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं द्रव्य) बघायलाच हवं. ड्युशेन हा स्नायूंचा आजार सुरुवातीला कधी कधी नुसता विकास उशिरा होतोय असाच दिसतो. जनुकीय बाजूने क्रोमोसोमल मायक्रोअॅरे (गुणसूत्रांतले कमी-जास्त तुकडे शोधणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (एका जनुकीय विकाराची) या चाचण्या सहसा सुचवतात. एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) सरसकट करायचे नसतात. आकडी येते, डोक्याचा घेर असामान्य आहे, एक बाजू कमजोर आहे किंवा आलेलं कौशल्य गेलं आहे, अशा वेळी ते करतात.

आलेलं कौशल्य गेलं, याला कोणत्याही वयात थांबायचं नाही. बोलत होता आणि बोलणं बंद झालं, तर त्याच आठवड्यात दाखवा. ऑटिझमच्या काही मुलांत दीड ते दोन वर्षांच्या सुमारास शब्द जातात. तीननंतर, चांगली वाक्यं बोलणाऱ्या मुलाची भाषा गेली तर झोपेतला ईईजी लागतो, कारण लँडाउ-क्लेफनरसारख्या अपस्मारात आकडी दिसत नसतानाही भाषा जाते. मुलीच्या हाताचा वापर कमी होऊन ती सारखी हात चोळायला लागली तर रेट सिंड्रोम या जनुकीय विकाराचा विचार करतात. एमईसीपी२ जनुकाशी त्याचा संबंध १९९९ मध्ये सापडला.

सहा महिने ही फेरतपासणीची मुदत आहे. थेरपी त्याच दिवशी सुरू करता येते, तिला निदानाच्या शिक्क्याची गरज नसते. कशी सुरू करायची ते वाचा-भाषेतल्या मंडळींनी सांगावं.

श्रवण_वाचा

वरच्याला पूर्ण अनुमोदन. श्रवणचाचणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

"दार आपटलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं." नाही. दार आपटल्याचा आवाज मोठा आणि जाड असतो. बोलण्यातले स, श, फ बारीक आणि उंच पट्टीचे असतात. उंच पट्टीचं ऐकणं कमी असलेलं मूल दाराला दचकतं, गाण्यावर नाचतंही, पण शब्दांच्या कडा त्याला ऐकू येत नाहीत. मधल्या कानात पाणी साचलं तर २० ते ३० डेसिबलची घट सर्रास असते, आणि ती कमी-जास्त होते. "कधी बघतो, कधी नाही" हे वाक्य लक्षपूर्वक वाचा, ते कमी ऐकू येणं आणि ऑटिझम, दोन्हीकडे बसतं.

तीन चाचण्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. टिंपॅनोमेट्री पडदा आणि मधला कान बघते. ओएई आतल्या कानाच्या बाह्य केसपेशी बघते. बेरा मूल झोपेत असताना नसेपासून मेंदूच्या देठापर्यंतचा मार्ग तपासते. ओएई नॉर्मल आणि बेरा बिघडलेली, असंही होतं. ते नसेच्या समन्वयाचं दुखणं असतं आणि नुसती ओएई केली तर हुकतं. सव्वातीन वर्षांच्या मुलाला शक्य असेल तर खेळातून घेतलेली चाचणीही करावी: आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. ती ऐकण्याचा खरा वापर दाखवते.

आता या सहा महिन्यांत काय करायचं ते. रोज १०-१५ मिनिटांची चार सत्रं, घरातच, रोजच्या कामात गुंफलेली. एका तासाच्या सलग बैठकीपेक्षा हे जास्त लागू पडतं.

बसायचं मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. तो जे करतोय तेच आपण करायचं. तो गाडीचं चाक फिरवतोय तर आपणही दुसऱ्या गाडीचं चाक फिरवायचं. तो थांबून आपल्याकडे बघतो तो क्षण हवा असतो. त्या क्षणी एकच शब्द: "फिरलं!" मूल एकेक शब्द बोलत असेल तर आपण दोन शब्दांपर्यंत जायचं, त्याच्या पुढे नाही. "चेंडू" म्हणाला की आपण "चेंडू दे". "अरे वा, किती छान लाल चेंडू आहे बघ तुझा" या वाक्यात त्याच्या हाती काहीच लागत नाही.

मग थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. इथे जवळजवळ सगळे पालक चुकतात. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की स्वतःच उत्तर देतात, आणि मुलाची पाळीच येत नाही.

आवडीची वस्तू पारदर्शक डब्यात, झाकण घट्ट. मूल डबा आणून देतं, तेव्हा हात पुढे करून थांबा. त्याने बघितलं, बोट दाखवलं, आवाज काढला, काहीही चालेल, लगेच "उघड" म्हणा आणि उघडा. शब्द उच्चारेपर्यंत अडवून ठेवू नका. त्यातून संवाद वाढत नाही, रडणं वाढतं.

"हे काय? हा कोणता रंग? गाय कशी करते?" ही परीक्षा बंद करा. मूल उत्तरं पाठ करतं, मागायला शिकत नाही.

बोट दाखवण्याचे दोन प्रकार असतात, शिक्षकांनी हे वेगळे टिपावेत. एक "दे" साठी. दुसरा "बघ ना!" साठी, जिथे मुलाला वस्तू नको असते, तुमची नजर हवी असते. आकाशातलं विमान दाखवून वळून तुमच्याकडे बघणं, हे दुसरं. ऑटिझममध्ये दुसरा प्रकार विशेष कमी दिसतो. हात धरून नेणं हे दोन्हींत मोडत नाही, तिथे मूल तुमचा हात अवजारासारखा वापरतं.

पाटी_पेन्सिल

धन्यवाद, खूपच उपयोगी. पालकांकडून येणाऱ्या तीन शंका. (१) जन्मल्यावर ओएई पास झाली होती, तरी परत का? (२) घरात दोन भाषा आहेत, कुणीतरी एक बंद करायला सांगितली आहे. (३) चित्रं दाखवून मागायला शिकवलं तर आळशी होईल, बोलणारच नाही.

आणि एक माझी: मूल आपण विचारलेलाच प्रश्न परत म्हणतं, तेव्हा शिक्षकाने काय करावं?

श्रवण_वाचा

जन्मतःची चाचणी त्या दिवसापुरती. काही जनुकीय कारणं, मेंदूज्वर, गर्भातला सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग, वारंवार साचणारं पाणी, यांनी ऐकणं नंतर घटतं. परत कराच.

दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा, मग संख्या बघा. आईला ज्या भाषेत लाड करता येतात, रागावता येतं, गप्पा मारता येतात, ती भाषा बंद केली तर ती मोडक्यातोडक्या दुसऱ्या भाषेत कमी आणि कोरडं बोलते. मुलाचं नुकसान त्याने होतं.

चित्रं किंवा बोलणारं यंत्र वापरल्याने बोलणं अडत नाही. उलट काही मुलांत बोलणं वाढतं, आणि न बोलणाऱ्या मुलाला निदान आज तहान लागली हे सांगता येतं. सुरुवात दोन चित्रांनी करा, एक फार आवडीचं आणि एक नावडीचं. नावडीचं चित्र दिलं तर नावडीचीच वस्तू हातात ठेवा. चित्र आणि वस्तूचा संबंध त्यातून पक्का होतो.

प्रश्न परत म्हणणं, म्हणजे एकोलालिया, ही बिनकामाची सवय नाही. तहान लागली की मूल म्हणतं, "पाणी हवं का?" कारण पाणी मिळतं तेव्हा हेच वाक्य ऐकू येतं. त्याच्या दृष्टीने तेच पाण्याचं नाव आहे. त्याला टोकू नका. पेला हातात धरून त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य म्हणा: "पाणी हवं." आणि द्या. आपण प्रश्नार्थक बोलणं कमी केलं की त्याच्याकडेही प्रश्नार्थक वाक्यं कमी साठतात.

फळा_खडू

नमुना ब बद्दल. मी विशेष शिक्षिका आहे.

दोन प्रश्नचिन्हं प्रामाणिकपणे घातली आहेत असं मी म्हणेन. वाचता येत नाही म्हणून लक्ष उडतं, की लक्ष उडतं म्हणून वाचायला शिकली नाही, की दोन्ही, हे एका भेटीत कळत नाही. वर्गात मात्र बरंच कळतं. हे करून बघा.

तोच मजकूर तिला वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून सगळं सांगते, स्वतः वाचून सांगता येत नाही, तर अडथळा वाचनात आहे. ऐकतानाही मधले तुकडे गळतात, तर लक्ष किंवा भाषा.

मग आवाजांचे खेळ, कागद न वापरता. "कमळ. यातला क काढला तर?" (मळ.) "सरबत. मधला र काढला तर?" (सबत. अर्थ नसला तरी सांगता यायला हवं.) मग एक पायरी खाली: "की, कू, के, यांत सारखा आवाज कोणता?" देवनागरी वाचणाऱ्या मुलांना अक्षराचा तुकडा आधी कळतो, व्यंजन आणि स्वर सुटे करणं उशिरा येतं. म्हणून सातव्या वर्षी की-कू-केचा खेळ चुकला तर लगेच घाबरू नका. अक्षर काढायचा खेळ सातत्याने चुकत असेल तर मात्र नोंद घ्या.

डिस्लेक्सियाची (वाचनातल्या अध्ययन अक्षमतेची) जी वर्णनं सगळीकडे फिरतात ती बहुतेक इंग्रजीवरून आलेली असतात: उलटी अक्षरं, चुकीचे शब्द. आपली लिपी बरीचशी जशी लिहिली तशी वाचायची आहे. त्यामुळे मूल बरोबर वाचतं, पण अतिशय सावकाश, एकेक अक्षर ओढत, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतं. शिक्षक म्हणतात "येतंय की वाचता!" आणि मूल चौथीपर्यंत कुणाच्या नजरेत येत नाही. दमणं हीच खूण समजा. लिहिताना काना-मात्रा गळणं, वेलांटी भलत्याच अक्षराला लागणं, घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल, जोडाक्षर फोडून लिहिणं, हे बघा. पहिली-दुसरीत थोडंफार सगळ्यांचंच होतं. रोज शिकवूनही सहा महिन्यांत हलत नसेल तर ते वेगळं. 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' लिहिण्यासाठी हीच अट आहे: नेमकी मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकलेली असावी.

म्हणजे चाचणीची तारीख येईपर्यंत मदत सुरू करा. ती मदतही आणि पुरावाही. रोज २० मिनिटं, दोन-तीन मुलांचा गट. ५ मिनिटं आवाजांचे खेळ. ७-८ मिनिटं एकच मात्रा पक्की (आज फक्त 'ए'ची: के, ने, मे, पेन, मेण), डोळ्यांनी बघून, तोंडाने म्हणून, बोटाने गिरवून. उरलेला वेळ तीच मात्रा असलेल्या चार ओळी तीनदा वाचणं. दर शुक्रवारी एक मिनिट घड्याळ लावून नवा मजकूर: बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि वहीत आकडा लिहा. आठ आठवड्यांचे आठ आकडे तज्ज्ञाच्या हाती दिलेत तर त्यांना केवढी मदत होते.

आणि फळ्यावरून उतरवणं तूर्त बंद. छापील कागद द्या, तिने गाळलेल्या जागा भरू देत. बघायचं, लक्षात धरायचं, मान खाली घालून लिहायचं, परत वर बघून तीच जागा शोधायची, एवढी कसरत त्या कामात असते आणि शिकणं काहीच होत नाही.

रंगीत चष्मे, रंगीत पारदर्शक कागद, डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया सुधारत नाही. तो डोळ्यांचा आजार नाही. दृष्टी तपासून घ्या, नंबर असेल तर चष्मा लावा, तिथे थांबा.

विकास_ओपीडी

फळा_खडू ताईंनी फारच नेमकं लिहिलंय. एडीएचडीची बाजू जोडतो.

निकष: लक्ष न टिकण्याच्या ('इनअटेन्टिव्ह') नऊ लक्षणांपैकी किमान सहा (किंवा चंचलता-उतावळेपणाच्या नऊपैकी सहा), सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, दोन किंवा जास्त ठिकाणी दिसणारी. ठिकाणांची अट महत्त्वाची आहे. फक्त वाचनाच्या तासाला लक्ष उडतं आणि गोष्ट, चित्र, खेळ, घरचं काम यांत टिकतं, तर एडीएचडीपेक्षा वाचनाकडे बोट जातं. पण "मोबाइलवर दोन तास बसते, मग लक्ष कसं नाही?" हा युक्तिवाद चालत नाही. दर क्षणाला बक्षीस देणाऱ्या गोष्टीवर एडीएचडीची मुलं खिळून राहतात. अडचण येते ती कंटाळवाणं काम स्वतःहून धरून ठेवण्यात.

मुलगी शांत बसून स्वप्नात हरवते, कुणाला त्रास देत नाही, म्हणून मुलींचं निदान उशिरा होतं. दुसरीकडे, वर्गात वयाने सगळ्यांत लहान असलेल्या मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, हे बऱ्याच देशांत दिसलं आहे. तुमच्या वर्गात या मुलीचा वयाने कितवा नंबर लागतो ते आधी बघा.

"तंद्री" बघताना एक भेद करायलाच हवा. अॅबसेन्स प्रकारच्या आकडीत मूल बोलता-बोलता मध्येच थांबतं, ५ ते १५ सेकंद शून्यात बघतं, पापण्या फडफडतात, आणि जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. दिवसातून कितीही वेळा. तंद्री लागलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं, आकडीतलं येत नाही. शंका आली तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. ईईजी घेताना त्याला तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात, त्यात हे बहुतेक वेळा उमटतं. याचं औषध वेगळं आहे.

घोरणं, तोंडाने श्वास घेणं, तुटक झोप, लोहाची कमतरता, हेही विचारून घ्या. अडिनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेलं मूल दिवसा हुबेहूब एडीएचडीसारखं वागू शकतं.

औषधाबद्दल: सहा वर्षांखाली आधी पालक-प्रशिक्षण. त्यानंतर, दैनंदिन आयुष्य खरंच अडत असेल तर मेथिलफेनिडेटसारखं औषध डॉक्टर सुचवतात. साधी गोळी साधारण चार तास काम करते. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून उंची, वजन, नाडी, रक्तदाब मोजत राहावं लागतं. ते लक्ष टिकवायला मदत करतं, मात्रा-वेलांटी शिकवत नाही. दोन्ही विकार असलेल्या मुलाला नुसती गोळी दिली आणि "तरी वाचत नाही" म्हणून बंद केली, ही चूक फार वेळा होते.

हात_बोटं

ऑक्युपेशनल थेरपिस्ट. थोडक्यात लिहितो.

ब मध्ये लिहिणं मागे पडतंय, तर समन्वयाचा विकारही (डीसीडी) डोळ्यासमोर ठेवा. बटणं, नाडी, चेंडू झेलणं, कात्री यांतही मागे असेल तर तपासा. पाच वर्षांआधी हे निदान सहसा करत नाहीत. पेन्सिलची पकड दिसायला वेगळी असली पण हात दुखत नाही आणि अक्षर वाचता येतंय, तर पकड बदलायच्या मागे लागू नका. पाय जमिनीला टेकतात का आणि बाकाची उंची कोपराइतकी आहे का, ते आधी बघा. लटकत्या पायांनी कुणाचंच अक्षर नीट येत नाही.

अ साठी: आवाज-स्पर्शाच्या अडचणी खऱ्या असतात, पण 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे डीएसएम-५ मधलं स्वतंत्र निदान नाही. नुसते झोके आणि ब्रश यांवर महिनोन्महिने सत्रं घेतली जात असतील तर विचारा: तीन महिन्यांनी मूल कोणतं काम स्वतः करू लागेल? उत्तर "स्वतः मोजे घालेल", "गोंगाटात दहा मिनिटं बसेल" असं मोजता येणारं हवं.

पाटी_पेन्सिल

शेवटचे दोन प्रश्न. लसींमुळे झालं का, आमच्या वागण्यामुळे झालं का, हे पालक हमखास विचारतात. आणि "पूर्ण बरं करतो" म्हणणाऱ्यांबद्दल काय सांगू? शिवाय डॉक्टरांना शिक्षकांकडून नेमकं काय लिहून हवं असतं?

विकास_ओपीडी

लसींचा संबंध जोडणारा शोधनिबंध १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, बारा मुलांवरचा. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. त्यानंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत संबंध दिसला नाही. आईच्या कोरडेपणामुळे ऑटिझम होतो हा सिद्धांत एके काळी जोरात होता आणि त्याने असंख्य आयांना विनाकारण दोषी ठरवलं. तो कधीच मोडीत निघाला आहे. पालकांना हे स्पष्ट शब्दांत सांगा, दोनदा सांगा. पहिल्यांदा ते ऐकण्याच्या अवस्थेत नसतात.

शरीरातले धातू काढणारं चिलेशन, ब्लीचसारखी द्रावणं, मूलपेशींची इंजेक्शनं, प्राणवायूची बंद पेटी, यांपासून लांब ठेवा. यांनी ऑटिझम बरा होत नाही. चिलेशनने मूल दगावल्याचीही नोंद आहे. जो मूल न बघता सुधारणेची हमी देतो, चालू थेरपी बंद करायला लावतो आणि काय मोजणार ते सांगत नाही, त्याच्याकडे जाऊ नये.

शिक्षकांच्या टिपणात निदान नको, दृश्य हवं. "लक्ष देत नाही", "हट्टी आहे", "ऑटिझम वाटतो" यांतून मला काही मिळत नाही. किती वेळा, किती वेळ, कशाआधी, कशानंतर, आणि कशाने थांबलं, एवढं हवं. आणि जमतं तेही लिहा, थेरपी तिथूनच सुरू होते. दोन आठवड्यांत आठ-दहा नोंदी पुरतात. नमुना अ च्या मुलासाठी अशा:

"सोमवार, सकाळची १० मिनिटं मोकळा खेळ. मागून पाच हाका मारल्या, दोनदा वळला. खडूच्या डब्याचा आवाज झाला तेव्हा लगेच वळला. साबणाचे फुगे उडवून थांबले, १२ सेकंदांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, 'फु' म्हणाला. परत उडवले. असं चार वेळा. पाचव्या वेळी डबी माझ्या हातात आणून दिली."